खंदकावरचा गुमा

मुरलीधरने भोपळ्याचं पान वर उचललं, खालच्या गोळ्यावरून अंगठा फिरवला आणि स्वतःशीच म्हणाला, "अकरा."

रात्रपाळी उतरून आलेला माणूस आधी चहा मागतो. मुरलीधर गेला पंधरवडाभर आधी भोपळे मोजत होता, आणि त्याला तसं कारणही होतं. कोपऱ्यावरच्या एक्केचाळीस नंबरच्या क्वार्टरातले घोषबाबू रिटायर होऊन कलकत्त्याला गेले होते. लढाई थांबली, धान्याची ओढाताण सुरू झाली, तशी अंगणाअंगणात भाजी लावा असा हुकूम कारखान्याच्या वसाहतीत फिरला. आणि हुकूम नुसता वाचून लोक घडी घालून ठेवतात हे ठाऊक असलेल्या वेल्फेअर साहेबांनी त्याच्या शेपटाला एक आमिष बांधून दिलं. ज्याची वाडी पहिली येईल, एक्केचाळीस नंबर त्याचा.

मिळकत थोडीथोडकी नव्हती. दीडच्या जागी दोन पुऱ्या खोल्या. मागे पेरूचं झाड, बहराला आलेलं. पूर्वेला बंद व्हरांडा, म्हणजे म्हाताऱ्या वडिलांची खाट उबेला जाणार. मुरलीधर चारचौघांत हेच कारण पुढे करी, आणि ते खोटं नव्हतं. ती खाट गेली की आतली खोली नवराबायकोला मोकळी होणार, हे तो पुढे करत नसे, आणि तेही खोटं नव्हतं. शिवाय त्या कोपऱ्यावर राहणाऱ्याला रस्त्याने जाणारे फोरमनसुद्धा सायकलवरून मान हलवत. आणि स्वयंपाकघरात नळ. हा लाभ त्याच्या बायकोचा, विभावरीचा होता, म्हणून की काय, तो त्याच्या यादीत शेवटी येई. विभावरीच्या यादीत तेवढा एकच होता.

"अकरा झाले," दाराशी येऊन त्याने सांगितलं.

"आणि अच्युतरावांचे?"

"दहा. एक मोठा आहे पण बुडाशी चिरलाय. तो मी धरत नाही."

"साहेब धरतील," विभावरी म्हणाली आणि रिकाम्या बादल्या उचलून नळावर गेली.

मुरलीधर तोफगाड्यांच्या कारखान्यात व्ह्यूअर होता. इतरांनी केलेलं काम हातात घ्यायचं, त्यात खोट शोधायची, सापडली तर लाल रंगाचा ठिपका द्यायचा आणि ज्याने तो भाग घडवला त्याच्या डोळ्यांत न बघता पुढचा उचलायचा, हे त्याचं काम. डोळ्याला न दिसणारी चीर त्याच्या अंगठ्याला सापडत असे. तोफगाड्याच्या बिजागरीवरून तो अंगठा असा काही फिरवी की समोरचा कारागीर श्वास धरून उभा राही. अकरा वर्षांत त्याच्या अंगठ्याने चूक केली नव्हती. ही गोष्ट तो स्वतः कधी बोलत नसे, दुसऱ्याने काढली तर मात्र तिथून लवकर हलत नसे.

अशा माणसाच्या अंगणात एक खोट होती, आणि तिला लाल ठिपका देता येत नव्हता.

भादव्यात लढाई पेटली तेव्हा वसाहतीतल्या प्रत्येक अंगणात खंदक खणायला लावले होते. सहा फूट लांब, दोन फूट रुंद. कुणी त्यात एकदाही उतरलं नाही. पाऊस मात्र भरपूर उतरला. लढाई थांबली, खंदक बुजवले, आणि लोकांनी त्या भुसभुशीत मातीत मेथी-पालक टाकला. मुरलीधरच्या अंगणात मात्र एका सकाळी वसाहतीचा नथ्थू माळी घमेलं घेऊन आला. घमेल्यात शहपुऱ्याच्या बाजूने मुळासकट उपटून आणलेली रानातली रोपं होती. मुरलीधरच्या वडिलांनी, बाबारावांनी, ती एकेक करून खंदकावर लावली, आणि शेवटच्या रोपाशी माती दाबताना नथ्थूला तंबाखूची सबंध पुडी देऊन टाकली.

गुमा होता तो. शेताच्या बांधावर, पडीक रानात आपला आपण येणारा. विकत कुणी घेत नाही, लावत तर कुणीच नाही. चौकोनी, तारेसारखा ताठ देठ, त्यावर टप्प्याटप्प्याने हिरवे काटेरी गोंडे. आश्विन सरला, दसऱ्याचा झेंडू वाळून दारावरच काळा पडला, पारिजातकाने सडा आवरता घेतला, तेव्हा कुठे त्या गोंड्यांतून पांढऱ्या पाकळ्या डोकावायला लागल्या, भाताच्या लाहीएवढ्या. सगळ्यांची पंगत उठून गेल्यावर हा पानावर बसला होता.

आणि मग माश्या आल्या. कुठून आल्या कुणास ठाऊक. वसाहत झाडूनपुसून चकचकीत झालेली, शेजारच्या अच्युतरावांनी तर वाफ्यांच्या विटांना एकाआड एक चुना आणि गेरू फासलेला; कुणी तिथे फार वेळ उभं राहिलं तर त्यालाही फासतील, असं विभावरी म्हणायची. अशा जागी लहान, काळपट मधमाश्या सकाळी आठच्या उन्हाबरोबर येत आणि सहा फुटांच्या त्या पट्ट्यावर दिवसभर राबत.

त्याच वेळी बाबाराव आपला वेताचा बुटका मोढा उचलून खंदकाशी जाऊन बसत. एक देठ दोन बोटांत धरत. डोळे मिटत. पाच मिनिटांनी दुसरा देठ. चेहरा असा की पहाटे स्वप्न पडलेल्या माणसाला कुणी उठवू नये.

मुरलीधरने ते रोज पाहिलं होतं आणि त्याचा अर्थही लावला होता. वय झालं.

विचारायची सोय नव्हती. बाबाराव ठार बहिरे होते. आधीच्या महायुद्धात त्यांनी रेंजवर तोफांच्या चाचणीवर काम केलं होतं; कानात तुपाचा बोळा घालून सहा वर्षं, दिवसाला साठ-साठ बार. कान एकदम गेले नाहीत, थोडे थोडे वजा होत गेले. आता वसाहतीच्या खिडक्या हादरायच्या तेव्हा ते जमिनीवर तळवा टेकवून म्हणत, "मोठी आहे." त्यांच्याशी बोलायचं म्हणजे ओरडायचं, आणि ओरडायचं म्हणजे अर्ध्या गल्लीला सांगायचं. त्यामुळे त्या घरात वडिलांना तेवढेच प्रश्न विचारले जात, जे गल्लीने ऐकले तरी चालतील.

मेथीचा प्रश्न तसा होता.

"बाबा, इथे मेथी टाकू या!"

"आं?"

"मेथी! मेथी!"

"मेथी म्हणून राहिले, काका!" कुंपणापलीकडून अच्युतरावांच्या बायकोने, नंदाताईंनी मदत केली. त्यांच्या हातात पाट्यावरचं वाटण होतं आणि तोंडावर शेजाऱ्याच्या घरातलं ऐकण्याचं समाधान.

बाबारावांनी मान डोलावली. "टाक न. काहून नाही?" आणि हाताने सबंध अंगण दाखवलं, भोपळ्याचे मांडव, वांग्याचे वाफे, न्हाणीचं पाणी जातं ती नाली. मग खंदकावर तळवा ठेवला. "हा सोडून. हा माझा खंदक आहे."

"साहेब येणार आहेत तपासायला!"

"येऊ दे. चहा पाज त्याले."

मुरलीधरने आत जाऊन विभावरीला सांगितलं की बाबा बाजारात गेले की तो स्वतःच हे गवत उपटून टाकेल. दोन दिवस रुसतील, मग व्हरांड्यात ऊन खात बसले की विसरतील. विभावरी पोळी लाटत होती. तिने पोळी उलटली आणि विचारलं, "बाबा कार्तिकात दर वर्षी कुठं जायचे, आठवतं तुम्हाला?"

आठवत होतं. कार्तिक लागला की म्हातारा काठी घेऊन रेंजच्या बाजूच्या रानाकडे निघायचा आणि जेवणाच्या वेळेला परतायचा. पाय मोकळे करायला जात असेल, असं सगळ्यांनी ठरवलं होतं. यंदा लढाईमुळे त्या रस्त्यावर पहारा बसला. पहारेकऱ्याने त्यांना दोनदा हटकलं, तिसऱ्यांदा बंदूक आडवी धरली.

"मग?"

"मग काही नाही. आठवतं का, विचारलं," विभावरी म्हणाली.

पाळीवर पाळी लागत होती. बारा तासांची रात्र संपवून मुरलीधर घरी येई तेव्हा सकाळ त्याला काचेपलीकडची वाटे. धुक्यातून वेल आणि पानं तरंगत असायची. भोपळ्याची मोठी पिवळी फुलं उघडलेली असायची, आणि त्यांत गडबडा लोळून पिवळी झालेली एखादी माशी बाहेर पडून गुम्याकडे, गुम्यावरून तारेच्या कुंपणावर, आणि कुंपणावरून सरळ अच्युतरावांच्या मांडवात शिरायची. ना गेट, ना पास, ना झडती. आमच्या अंगणात खाऊन त्यांच्या अंगणात कामाला, असं मुरलीधरच्या झोपाळलेल्या मनात येई. पण तो विचार खाटेपर्यंत टिकत नसे. आधी पिवळी पडून गळणारी भोपळ्याची पोरं हल्ली गळत नव्हती, हे त्याच्या लक्षात आलं होतं. त्याचं श्रेय त्याने शेणखताला दिलं होतं.

बाबाराव बाजारात गेलेच नाहीत. एकदा विड्याची पानं आणायला बड्या फुहाऱ्याच्या बाजारात जातो म्हणाले, पण निम्म्या रस्त्यातून परतले आणि मोढ्यावर बसले. असे दिवस गेले आणि तपासणीची सकाळ उजाडली.

वेल्फेअर साहेब आले, हातात पाटीला लावलेला कागद. बरोबर नथ्थू माळी, डोक्याला स्वच्छ पंचा. मागे गल्लीतले निम्मे लोक, सुट्टी असल्यासारखे. अच्युतरावांची वाडी आधी झाली होती. तेरा भोपळे, चिरलेला धरून. साहेबांनी तो धरला होता. सफाईचे पूर्ण गुण, जागा वाया न घालवल्याचे पूर्ण गुण. अच्युतराव कुंपणाला टेकून उभे होते. ते वाईट गृहस्थ नव्हते. फक्त जिंकायला निघालेल्या माणसाने जितकं सौम्य दिसावं त्याहून थोडे अधिक सौम्य दिसत होते.

मुरलीधरचे भोपळे सोळा भरले. वांगी उत्तम. साहेबांनी एक वांगं हातात घेऊन दाबलं, खूश झाले, आणि मग त्यांचा बूट खंदकाशी थांबला.

"ये क्या है?"

नथ्थू एक क्षण आपल्या पायांकडे बघत राहिला. "गूमा है, साब. जंगली है."

"यहाँ क्यों है?"

नथ्थूने डोक्याचा पंचा सारखा केला. मोढ्यावर बसलेल्या बाबारावांना वाटलं आपल्याकडेच पाहत आहेत. त्यांनी हसून दोन्ही हात जोडले.

साहेब अडवणूक करणारे नव्हते. त्यांनी घड्याळ पाहिलं, कागद पाहिला, आणि समजुतीच्या सुरात म्हणाले की बाकी सारं अव्वल आहे, या खरपतवारामुळे, तणामुळे, वीस गुण उगाच जातील, "अभी उखाड़ दो, मैं पूरे लिख देता हूँ." बारा रोपं. दोन मिनिटांचं काम. एक्केचाळीस नंबर तिथून, कोपऱ्यावरून, पेरूच्या शेंड्यासकट दिसत होता. दाराच्या चौकटीत विभावरी उभी होती.

मुरलीधर वाकला. दोन-तीन देठ एकदम मुठीत धरले, मुळाशी, ओढण्यासाठी.

आणि तो तसाच राहिला.

तळव्यात काहीतरी चालू होतं. फार बारीक. लांबच्या शॉपमध्ये एखादं मशीन नुकतं सुरू झालं की बेंचच्या लाकडातून हाताला कळतं, कानाला कळायच्या आधी, तसं. त्याचा अंगठा आपोआप देठाच्या कडेवरून वर सरकला, जसा बिजागरीवरून सरकतो. थरथर एकसारखी नव्हती. वर एक माशी उडाली की एक सूर कमी होई. दुसरी बसली की देठ किंचित झुके आणि नवा सूर त्यात मिसळे. शेजारच्या देठात वेगळाच. अकरा वर्षं या अंगठ्याने फक्त खोट शोधली होती. इथे ती नव्हती.

त्याने मान वर केली. बाबाराव पुढे झुकले होते. त्यांना साहेबांचं बोलणं कळलं नव्हतं, काय चाललंय तेही कळलं नव्हतं. त्यांना इतकंच दिसत होतं की आपल्या मुलाने देठ हातात धरला आहे. त्यांनी भुवया उंचावल्या, लहान पोर नवं खेळणं दुसऱ्याच्या हाती देऊन बघतं तशा, आणि खुणेनेच विचारलं: हाताला लागतं का?

मुरलीधरने मूठ सैल केली.

"रहने दीजिए, साब."

"क्यों? घास ही तो है."

"घास अपने आप उगती है, साब. ये लगाया हुआ है."

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, म्हाताऱ्याकडे पाहिलं, आणि कागदावर लिहिलं. वीस वजा. लिहिताना त्यांनीही मुरलीधरच्या डोळ्यांत बघितलं नाही.

चार दिवसांनी अच्युतरावांचं सामान हातगाडीवरून कोपऱ्याकडे गेलं. शेवटच्या खेपेला ते स्वतः कुंपणाशी आले, हातात एक मोठा भोपळा घेऊन. चिरलेला नव्हे, चांगला. शेजार सुटला म्हणून काही माया सुटत नाही, असं काहीतरी ते बोलले आणि मग त्यांना राहवलं नाही. गेल्या साली आपल्याला दोन भोपळे मिळाले होते आणि यंदा एकदम तेरा, हे कसं झालं, याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटत होतं.

"चुन्याचा गुण असेल," मुरलीधर म्हणाला.

"तसंच वाटून राहिलं मलाही," अच्युतराव मनापासून म्हणाले.

बाबारावांनी तो भोपळा मांडीवर घेतला, थापटला, आणि बहिऱ्या माणसाच्या खुल्या आवाजात, साऱ्या गल्लीला पोचेल असं बोलले, "पाह्य, मुरली. याले म्हणतात वाडी. थोडं शिक त्याच्यापाशी. तुझ्यानं एक क्वार्टर जिंकवलं नाही."

"हो, बाबा."

"आं?"

"हो!"

कुंपणापलीकडे आता नंदाताई नव्हत्या. हे एक उत्तर कुणाच्या मदतीशिवाय पोचलं.

दुसऱ्या दिवशी रात्रपाळी उतरून आल्यावर मुरलीधर भोपळे मोजायला गेला नाही. मोजून करायचं काय होतं? तो पायरीवर बसला. धुकं वर चढत होतं. वडील मोढ्यावर डोळे मिटून बसले होते. दोन बोटांत देठ होता. आपण काय गमावलं याची यादी त्याने मनाशी एकदा नीट लावली, पेरू, व्हरांडा, सायकलवरून मान हलवणारे फोरमन, आणि त्याला आपलं मन बऱ्यापैकी मोठं वाटलं. किंमत आपण मोजली, तक्रार केली नाही, म्हाताऱ्याला कळूही दिलं नाही.

विभावरी नळावरून येत होती. दोन्ही हातांत बादल्या, खांदे खाली ओढलेले, ओल्या पावलांचे ठसे मागे उमटत चाललेले.

"तू कधी तिथं हात लावून पाहिलंस?" त्याने विचारलं. बोटाने खंदक दाखवला.

ती थांबली नाही. "भाऊबीजेला. बाबांनीच धरून दाखवलं."

"मला काहून नाही सांगितलं?"

"सांगून कळण्यासारखं आहे का ते?"

तिने आत जाऊन बादल्या रांजणात ओतल्या आणि परत निघाली. मुरलीधर बसल्या जागेवरून बघत राहिला. नळापासून दारापर्यंतचं अंतर त्याने कधी मोजलं नव्हतं, नळ त्याच्या यादीत शेवटी होता. आता डोळ्यांनी मोजायला लागला. दुसरी खेप. तिसरी. मध्येच तो उठला आणि तिच्या हातातली बादली धरायला गेला, तेव्हा ती म्हणाली, "बसा तुम्ही. रात्रभर उभे होता." त्यात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं.

आठव्या खेपेला ती सरळ दाराकडे आली नाही. वाट सोडून खंदकाशी गेली, एक बादली खाली ठेवली, दुसरी हलकेच कलती केली. पाऊस थांबून दीड महिना झाला होता आणि बुजवलेली माती पाणी धरत नाही, हे तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आलं. पाण्याची धार मुळांशी अशी पडत होती की वरची एकही माशी उठली नाही. बाबारावांनी डोळे न उघडता पाय थोडे मागे घेतले, जसे रोज घेत असावेत.

मग तिने ओल्या हाताचं बोट एका देठाला टेकवलं, क्षणभर, दूध तापलं का पाहावं तसं, आणि दोन्ही बादल्या उचलल्या.

खेपा आठ झाल्या. बादल्या सोळा. रांजणात पोचल्या साडेपंधरा.